नायिकेची मैत्रीण सहाव्या भागानंतर कुठे जाते?

बकुळफूल

या मंचावरच्या काहींना माहीत आहे, गेलं वर्षभर मी एक रोमँटिक फँटसी कथामालिका लिहिते आहे. तळ्याखाली एक नगर आहे, तिथला राजपुत्र आहे आणि काठावरच्या गावातली सावनी आहे. ती शिंपले काढायला तळ्यात बुडी मारते. तिच्या कमरेला दोरी बांधलेली असते आणि दोरीचं दुसरं टोक होडीत बसलेल्या रेवाच्या हातात असतं. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन झटके म्हणजे वर ओढ. पहिले सहा भाग या दोघींचे आहेत. सहाव्याच्या शेवटी सावनी पाण्याखाली दोरी कापते आणि राजपुत्राबरोबर निघून जाते.

गेल्या आठवड्यात चौदावा भाग टाकला. पहिलं चुंबन त्यात होतं, त्यामुळे प्रतिसाद भरपूर आले. त्यात एका वाचकाने एकच ओळ लिहिली होती: "दोरी रिकामी वर आली तेव्हा रेवाने काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. आठ भागांत मी रेवाचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. सावनीला तिची आठवण येत नाही, कारण मीच ती येऊ दिलेली नाही.

मग घरात या प्रकारातली जेवढी पुस्तकं आहेत तेवढी काढून बसले आणि फक्त एवढंच शोधलं की नायिकेची मैत्रीण शेवटची कोणत्या प्रकरणात दिसते. बऱ्याच पुस्तकांत ती पहिल्या पाव भागातच संपते. कधी तिला मारून टाकतात, म्हणजे नायिकेला सूड उगवायला निमित्त मिळतं. कधी नायिका नायकाच्या गडावर, महालात, राज्यात जाते आणि मैत्रीण मागे राहते ती राहतेच. कधी ती फितूर निघते. टिकलीच, तर नायकाच्या एखाद्या सरदाराशी तिचं जुळवतात आणि पुढच्या पुस्तकात तिला नायिका करतात. त्या पुस्तकात मग पहिली नायिका पाहुण्यासारखी दोन प्रसंगांत येऊन जाते. दोघींची मैत्री अशी असते कुठे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे का खुपतंय ते नीट सांगायचा प्रयत्न करते. या प्रकारात नायिका बदलते. तिच्यात शक्ती जागी होते, रूप पालटतं, कधी कधी ती माणूसच राहत नाही. नायक तिला भेटतो तोवर हा बदल सुरू झालेला असतो, आधीची ती त्याने पाहिलेलीच नसते. ती रागावली की कशी गप्प बसते, कशाला घाबरते, खोटं बोलताना नजर कुठे वळवते, हे ठाऊक असलेलं कथेत एकच माणूस असतं, ते म्हणजे तिची मैत्रीण. तिलाच बाजूला केलं तर "तू अशी नव्हतीस" हे नायिकेला म्हणायला कोणी उरत नाही. मग ती बदलली म्हणजे नेमकी किती आणि कुठून कुठे, हे मोजायचं कशाने?

मला रेवाला परत आणायचं आहे. पण केवळ चूक सुधारायची म्हणून एक भेट घालून द्यायची नाही. तुम्ही वाचलेल्या गोष्टींत मैत्रीण खरंच कुठे जिवंत राहिली आहे, आणि नसेल राहिली तर का, हे सांगाल का? लांबलचक लिहा, मी सगळं वाचणार आहे.

---

उत्तररात्र

मला यात निवेदनाचा वाटा मोठा वाटतो. हल्लीच्या रोमँटसीत, म्हणजे रोमँटिक फँटसीत, एक प्रकरण तिचं, एक प्रकरण त्याचं, दोन्ही प्रथमपुरुषी, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिसऱ्या माणसाच्या मनात शिरायला दारच नाही. मैत्रीण दिसते ती नायिकेच्या नजरेतून, आणि नायिकेच्या डोक्यात तर तोच असतो. त्यामुळे दोघी समोरासमोर बसल्या तरी बोलणं "तू त्याच्याकडे बघत होतीस" इथून सुरू होतं आणि तिथेच संपतं.

तुमच्या तिसऱ्या भागात रेवा दोरीच्या गाठी तपासत सावनीला तिच्या आईच्या खोकल्याबद्दल विचारते. तो प्रसंग मला अजून लक्षात आहे. त्याचा पुढच्या कथानकाशी काही संबंध नाही आणि तरी त्या दोघी किती वर्षं एकत्र आहेत ते त्या एका प्रश्नात कळतं. असे प्रसंग सातव्या भागापासून बंद झाले.

एक प्रयोग करून बघा. एखादा पूर्ण भाग रेवाच्या तोंडून लिहा. प्रकाशित केला नाहीत तरी चालेल. तिला काय दिसतं ते तुम्हाला कळेल.

---

रानवाट

धागा फार आवडला. थोडं मागे जाते.

शाकुंतल ही रोमँटिक फँटसीच आहे: शाप, हरवलेली अंगठी, सगळं विसरलेला राजा, अप्सरा आई. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अनसूया आणि प्रियंवदा नाहीत. दुर्वासाचा शापही नाही. हे तिन्ही कालिदासाने आणलं, आणि मला नेहमी वाटतं की ते एकमेकांसाठीच आणलं. कारण शाप शकुंतला ऐकतच नाही, ऐकतात त्या या दोघी. प्रियंवदा धावत जाऊन दुर्वासाची विनवणी करते, खुणेचा दागिना पाहिला की शाप सरेल असा उःशाप मिळवते. मग दोघी मिळून ठरवतात की हे तिला सांगायचं नाही, ती नाजूक मनाची आहे. निरोपाच्या वेळी एवढंच सांगतात: राजाने ओळखायला उशीर केला तर अंगठी दाखव. शकुंतला दचकते. त्या म्हणतात, घाबरू नकोस, माया असली की मन वाईट चिंततं.

पुढे अंगठी पाण्यात पडते. तिला जर खरं सांगितलं असतं तर तिने ती बोटातून क्षणभरही ढळू दिली नसती. म्हणजे नाटकातली सगळी वाताहत मैत्रिणींच्या मायेतून झालेल्या एका चुकीवर उभी आहे. केवढं मोठं काम दिलंय कालिदासाने त्यांना! आणि तरी चौथ्या अंकानंतर त्या दिसत नाहीत. शकुंतला विचारते, या इथूनच परत जाणार का? कण्व म्हणतात, यांचीही लग्नं व्हायची आहेत, यांनी तिथे जाणं बरं नाही. सोबत गौतमी जाते. भर दरबारात राजा शकुंतलेला नाकारतो तेव्हा शापाची गोष्ट ठाऊक असलेल्या दोघीही आश्रमात असतात.

मी हे नाटक कितीदा वाचलं असेल, दर वेळी मला पाचव्या अंकात त्या दोघी हव्या असतात. शेवटी सातव्या अंकात सगळं उलगडतं, पण अनसूयेला आणि प्रियंवदेला ते कोण जाऊन सांगतं? त्यांनी लपवलं होतं ना, त्यांच्या मनावर ते किती दिवस राहिलं असेल?

बकुळफूल, तुमच्या वाचकाचा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

---

नीलकाच

+१ रानवाट. यात उषा आणि चित्रलेखाही घालते. बाणासुराची मुलगी उषा, तिला स्वप्नात एक तरुण दिसतो, तो कोण ते तिला माहीत नाही. चित्रलेखा देव, गंधर्व, माणसं अशा एकेकाची चित्रं काढत जाते, कृष्णाचा नातू अनिरुद्ध याच्या चित्रापाशी उषा लाजते. मग चित्रलेखाच योगसामर्थ्याने आकाशमार्गे द्वारकेला जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून शोणितपुरात आणते. चित्रकला तिची, विद्या तिची, उड्डाण तिचं, धोका तिने पत्करलेला. पुढे बाणासुराचं युद्ध होतं, उषा-अनिरुद्ध द्वारकेला जातात, आणि चित्रलेखा कथेतून निघून जाते. जिला उडता येतं आणि न पाहिलेल्या माणसाचा चेहरा काढता येतो, तिच्याबद्दल मला उषेपेक्षा जास्त वाचायचं होतं.

---

अर्धवट_वही

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

प्रेमकथा वाचायला घेतो तेव्हा लेखकाने मला एक वचन दिलेलं असतं: ही या दोघांची गोष्ट आहे. दिवसभराच्या कामानंतर मी पुस्तक उघडतो ते त्या दोघांच्या मधली ओढ अनुभवायला. फँटसीत आधीच राज्यं, युद्धं, जादूचे नियम, वंशावळी एवढं सगळं असतं. त्यात मैत्रीणही हवी, तिची स्वतंत्र कहाणीही हवी, असं म्हणत गेलो तर दोघांना जागा किती उरणार? स्लो बर्न, म्हणजे हळूहळू पेटत जाणारं प्रेम, नीट जमायला पानं लागतात.

शिवाय मागे राहिलेली माणसं विसरली जाणं हे खरंही आहे. नवीन प्रेमात पडलेली माणसं जुन्या मित्रांना विसरतात. सावनीला आठ भाग रेवा आठवली नाही तर ती मला अप्रामाणिक वाटत नाही.

---

बकुळफूल

अर्धवट_वही, राग कसला? तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. सावनी विसरली हे खरं असू शकतं. पण ती विसरली हे मला, लिहिणारीला, माहीत असायला हवं होतं. मी ते ठरवून लिहिलं नव्हतं, माझ्या हातून निसटलं होतं. विसरण्याची गोष्ट लिहिणं आणि स्वतःच विसरून जाणं यात फरक आहे ना?

रानवाट, "त्यांना कोण जाऊन सांगतं" हे वाचून मी उठून खोलीत चकरा मारल्या. खरंच.

---

तिसरी_घंटा

मैत्रीण फितूर निघते याबद्दल बोलायचं आहे, कारण ते मला सगळ्यांत जास्त लागतं.

या प्रकारातला एक मोठा साचा असा: मुलगी एका अनोळखी, सामर्थ्यवान, भीतिदायक पुरुषाच्या घरी जाते आणि हळूहळू त्याच्या प्रेमात पडते. हा साचा फार जुना आहे. दुसऱ्या शतकात रोमन लेखक अपुलियसने लिहिलेल्या सायकीच्या कथेत नवरा फक्त अंधारात येतो, त्याचा चेहरा पाहायची मनाई असते. तिच्या बहिणी भेटायला येतात आणि म्हणतात, तू कोणाबरोबर राहतेस ते तुला माहीतच नाही, दिवा लाव आणि बघ. कथा म्हणते त्या मत्सरी होत्या, शेवटी त्या कड्यावरून पडून मरतात. अठराव्या शतकातल्या फ्रेंच ब्यूटी अँड द बीस्टमध्येही बहिणी मत्सरी. १७५६ सालच्या बोमाँच्या आवृत्तीत त्यांचे पुतळे होतात.

बहिणींचे हेतू क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसतं वाक्य बघा. "ज्याचा चेहरा पाहिला नाहीस त्याच्याबरोबर का राहतेस?" माझी मैत्रीण अशा घरात राहायला गेली असती तर मी हेच विचारलं असतं! हा मत्सर नाही, ही काळजी आहे. पण कथेला तो पुरुष चांगला ठरवायचा असतो, म्हणून त्याच्यावर शंका घेणारी बाई वाईट ठरवावी लागते. आजच्या एनिमीज टू लव्हर्समध्येही, म्हणजे शत्रूंचे प्रेमी होतात त्या गोष्टींतही, बघा. नायकाने पहिल्या शंभर पानांत नायिकेला कोंडून ठेवलेलं असतं, धमक्या दिलेल्या असतात. मैत्रीण म्हणते, याच्यापासून जप. दोनशे पानांनी तो मनाचा मोठा निघतो आणि मैत्रीण शत्रूला मिळालेली निघते.

मला अशी एक गोष्ट वाचायची आहे जिच्यात मैत्रिणीची शंका योग्य असते, नायकही वाईट नसतो, आणि मैत्रिणीचा विश्वास त्याला मिळवावा लागतो. नायिकेचं मन जिंकायला तो जेवढी पानं घेतो त्याच्या एक दशांश पानं तरी तिच्यासाठी. यात अर्धवट_वहींच्या स्लो बर्नचं काही कमी होणार नाही, उलट त्याची परीक्षाच होईल. जो नायक काळजी करणाऱ्या मैत्रिणीच्या प्रश्नांना न रागावता उत्तर देतो, त्याच्या प्रेमात मी लवकर पडेन.

---

मेघडंबरी

इथे बेक्डेल कसोटी लागू होईल का? अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेलच्या १९८५ सालच्या एका कॉमिक पट्टीतून ती आली. ती सिनेमासाठी होती, आणि कल्पना तिची मैत्रीण लिझ वॉलेस हिची. निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर.

---

उत्तररात्र

मेघडंबरी, मला ती कसोटी प्रेमकथेला अपुरी वाटते. प्रेमात पडलेली बाई मैत्रिणीशी त्याच्याबद्दलच बोलणार, आणि ते बोलणं सुंदर असू शकतं. माझ्या आयुष्यातल्या काही अत्यंत जवळच्या गप्पा "तो असं का वागला" या एकाच प्रश्नावर रात्रभर झाल्या आहेत. त्यात तो कमी होता, आम्ही दोघी जास्त होतो. तेव्हा विषय कोणता यापेक्षा मी दुसरं काही बघेन: बोलणं संपल्यावर मैत्रीण कुठे जाते? तिला जायला स्वतःचं काही आहे का?

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये हेच निरीक्षण मांडलं होतं, की कादंबऱ्यांतल्या बायका बहुतेक पुरुषाच्या संबंधातच दाखवल्या जातात. तिने एक कल्पित कादंबरी उघडून दाखवली, जिच्यात एका बाईला दुसरी आवडते आणि दोघी एका प्रयोगशाळेत काम करतात. मला त्यातली प्रयोगशाळा महत्त्वाची वाटते. दोघींच्या मधे ठेवलेलं एक काम. बकुळफूल, तुमच्याकडे ते आहेच, ती दोरी. एकीचा जीव दुसरीच्या हातात असलेलं काम तुम्ही पहिल्याच भागात दिलंत आणि मग राजपुत्र आल्यावर ते काम संपवलंत. सावनी नगरात गेल्यावर काय काम करते? मला आठवेना, म्हणून भाग पुन्हा चाळले. ती काहीच करत नाही. ती राजपुत्राची वाट बघते.

---

जुनी_पेटी

मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. वयाने तुम्हा बहुतेकींपेक्षा मोठी आहे. नातीमुळे ही पुस्तकं हातात आली आणि आता तिच्याआधी मीच संपवते.

या पुस्तकांत शेवटी नायिका बहुधा अमर होते, किंवा हजार वर्षं जगणाऱ्यांतली होते. नायक तसाच असतो, म्हणून तिलाही तसं व्हावं लागतं, नाहीतर प्रेमकथेला कायमचं सुख कसं मिळणार? ते झालं की सगळे आनंदात. मी मात्र तिथेच अडते. तिच्या मैत्रिणीचं काय? ती तर साधीच राहिली. ती म्हातारी होणार, तिचे दात पडणार, तिला नावं आठवेनाशी होणार, आणि नायिका अजून विशीतली दिसणार. नायिका तिला भेटायला येईल का? आली तर मैत्रिणीला तिचा चेहरा बघवेल का?

माझी बालमैत्रीण गेली त्याला आता सहा वर्षं झाली. शेवटच्या महिन्यांत ती मला ओळखत नव्हती, पण मी शाळेतल्या एका बाईंची नक्कल केली की हसायची. त्या नक्कलेची मूळ बाई पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी नाही. मी ती नक्कल कोणासमोर करू? तुमच्या त्या हजार वर्षं जगणाऱ्या नायिकेला हे दुःख नऊशे वर्षं बाळगावं लागेल. नायक कितीही चांगला असला तरी तो ते कमी करू शकत नाही, कारण तो तिथे नव्हता.

यावर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. बकुळफूल, तुझ्या तळ्याखालच्या नगरात माणसं म्हातारी होत नाहीत असं तू चौथ्या भागात लिहिलं आहेस. लिहिणार असशील तर हे लिही.

---

रानवाट

जुनी_पेटी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. ती नक्कल तुम्ही नातीसमोर करा. तिला मूळ बाई माहीत नसल्या तरी तुमची मैत्रीण कशी हसायची ते तिला तुमच्याकडूनच कळेल.

---

नीलकाच

तिसरी_घंटांच्या मुद्द्याला जोडून. नायिका नायकाकडे गेल्यावर तिला नव्या मैत्रिणी मिळतात, आणि वाचक खूश होतात की बघा, मैत्री आहे. फाउंड फॅमिली म्हणतात त्याला. पण त्या कोण असतात? नायकाची चुलतबहीण, नायकाची सेनापती, नायकाच्या मित्राची बायको. सगळ्या शूर, हजरजबाबी, मलाही आवडतात. पण उद्या नायक-नायिकेचं बिनसलं तर त्यांतली एक तरी नायिकेच्या बाजूने उभी राहील का? त्यांची निष्ठा आधी त्याच्याशी आहे. नायिकेची स्वतःची म्हणावी अशी एकही व्यक्ती त्या महालात नसते. खऱ्या आयुष्यात आपण हे पाहिलं तर म्हणू की तिला एकटं पाडलंय.

आणि भांडणाबद्दल. मैत्रिणींचं भांडण झालंच तर पुरुषावरून, हेही गृहीत धरलेलं. देवयानी आणि शर्मिष्ठा बघा. भांडण सुरू होतं तेव्हा ययाती कुठेच नाही. जलक्रीडेनंतर वाऱ्याने कपड्यांची सरमिसळ झालेली, शर्मिष्ठा चुकून देवयानीचं वस्त्र नेसते. त्यावरून बापांपर्यंत जातं: एक म्हणते तू आमच्या शिष्याची मुलगी, दुसरी म्हणते तुझा बाप माझ्या बापापुढे हात पसरतो. राजकन्या आणि गुरुकन्या, दोघींच्या मनात ही मोजणी कित्येक वर्षं चालू असणार, वस्त्र निमित्त झालं. मग विहिरीत ढकलणं, मग देवयानीने शर्मिष्ठेला हजार दासींसह दासी म्हणून मागणं. ययाती दोघींच्या आयुष्यात येतो तो या भांडणाने खणलेल्या विहिरीपाशी. पुढचं सगळं प्रेमप्रकरण मला त्या मोडलेल्या मैत्रीचं शेपूट वाटतं. दोन बायकांच्या रागाला एवढं वजन देणारी गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून ऐकली जाते, मग आपण लिहिताना मैत्रिणींना एवढं गुळमुळीत का करतो?

---

अर्धवट_वही

दोन दिवस विचार करत होतो. जागेबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो, कारण मला माझंच आवडतं पुस्तक आठवलं. नाओमी नोविकचं 'अपरूटेड', २०१५. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, त्यात कथा फुटते.

दर दहा वर्षांनी एक जादूगार खोऱ्यातली एक मुलगी घेऊन जातो. सगळ्यांना खात्री असते की या वेळी कासियाला नेणार. ती सुंदर, गुणी, तिला त्यासाठीच वाढवलेलं. पण तो तिच्या मैत्रिणीला, अग्नियेश्काला निवडतो. इथे मैत्रीण मागे राहून संपू शकली असती. तसं होत नाही. शापित अरण्य कासियाला ओढून नेतं आणि अग्नियेश्का तिला आणायला आत जाते. मग तिच्यातलं अरण्याचं विष काढताना एक मंत्र दोघींची मनं एकमेकींपुढे उघडी करतो, आणि दोघींनी वर्षानुवर्षं झाकलेली असूया बाहेर येते. एकीला वाटत आलेलं की हिच्यापुढे मी कोणीच नाही. दुसरीला वाटत आलेलं की मला त्याच्या हवाली करायला वाढवलं आणि ही घरी सुखरूप राहणार. हे कळल्यानंतरही त्या एकमेकींना सोडत नाहीत. जादूगाराबरोबरची प्रेमकथा त्याच पुस्तकात आहे, तिला जागा कमी पडलेली नाही. मी पुस्तक मिटलं तेव्हा मनात राहिला तो मंत्राचा प्रसंग, हे मी इथे लिहिताना स्वतःशीच पहिल्यांदा कबूल करतोय.

तेव्हा बकुळफूल, एक विचारतो. रेवाच्या मनात सावनीबद्दल काय झाकलेलं आहे? पहिल्या सहा भागांत ती फारच समजूतदार आहे. नेहमी सावनीच बुडी मारते आणि रेवा दोरी धरते. हे कोणी ठरवलं?

---

बकुळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. "हे कोणी ठरवलं" या प्रश्नावर माझी वही आठवडाभर उघडी होती.

रेवाला खोल पाण्यात कानात कळ येते, असं मी पहिल्या भागात एका वाक्यात लिहिलं होतं. मी समजत होते की ते कारण पुरेसं आहे. आता वाटतं, तिला एकदाही विचारलं नाही. उत्तररात्रांनी सांगितल्याप्रमाणे एक अख्खा भाग तिच्या तोंडून लिहिला, आणि वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. त्या भागाच्या शेवटाचा तुकडा इथे देते. रेवा तळ्याखालच्या नगरात पोचली आहे. नगरावरच्या घुमटाखाली हवा आहे.

*मी डोळे उघडले तेव्हा सावनी माझ्यासमोर गुडघे टेकून बसली होती. तिचे केस कोरडे होते. मी तिचे केस कधी कोरडे पाहिले नव्हते.*

*"तू बुडी मारलीस?" ती म्हणाली. "तुझ्या कानात कळ येते."*

*"येते."*

*"मी येणारच होते गं वर. आत्ताच तर आले इथे. महिनासुद्धा झाला नसेल."*

*"तीन पावसाळे झाले, सावनी."*

*ती काही बोलली नाही. मी कनवटीचं दोरीचं टोक काढून तिच्या हातावर ठेवलं. त्या दिवशी वर आलेलं.*

*"हे सुरीने कापलंय," मी म्हणाले. "दगडावर घासून तुटलेली दोरी अशी दिसत नाही. तिचे धागे पिंजतात. मी काठावर पोचेपर्यंत होडीच्या कडेवर घासून घासून ते पिंजले. सगळ्यांना सांगितलं, तुटली. तू गेलीस असं सांगितलं असतं तर तुझ्या आईला लोकांनी जगू दिलं नसतं."*

*"म्हणजे त्यांना वाटलं..."*

*"दोरी तपासायचं काम माझं होतं. त्यांना जे वाटायचं ते वाटलं."*

*तिने माझ्या कमरेकडे पाहिलं. दोरी घुमटातून वर, काळ्या पाण्यात गेली होती.*

*"वर कोणी धरलीय?"*

*"खुंटाला बांधलीय. तेव्हापासून माझ्याबरोबर होडीत कोणी बसत नाही."*

---

तिसरी_घंटा

होडीच्या कडेवर घासून घासून. मला रडू आलं. तिने सावनीवर ओरडावं असं वाटत होतं, पण ती ओरडणार नाही, हेही पटतंय.

---

अर्धवट_वही

आणि सावनीच्या आईला काय सांगितलं तिने? तिसऱ्या भागातला खोकला होता ना. तिलाही तुटली असंच?

---

बकुळफूल

आईला खरं सांगितलं असावं असं वाटतंय. किंवा आईने दोरी हातात घेऊन स्वतःच ओळखलं असावं, तीही एके काळी होडीत बसायची. तो प्रसंग आज लिहायला घेतला आहे. पंधरावा भाग त्या दोघींचा असेल, राजपुत्र सोळाव्यात येईल. जुनी_पेटी, तीन पावसाळ्यांनी रेवाचा चेहरा बदललाय आणि सावनीचा नाही. पुढे कुठे जायचं ते मला तुमच्या प्रतिसादामुळे दिसतंय. लिहून झालं की आधी तुम्हाला पाठवू का?

---

जुनी_पेटी

पाठव. मी चष्मा शोधून ठेवते.